नौतपातले करकोचे

शास्त्रपाठ : यिर्मया ८:४-७, अनुवाद २२:६-७, मत्तय १०:२९



मे महिन्याच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो, तेव्हाच्या नऊ दिवसांना छत्तीसगडात नौतपा म्हणतात. आमच्या भिलाईत पोलादाच्या भट्ट्या बारा महिने पेटलेल्या असतात. परंतु या नऊ दिवसांत भट्टीजवळची पाळी आणि घराची गच्ची यांत निवड करण्यासारखे काही उरत नाही, असे कारखान्यातील मंडळी थट्टेने म्हणतात. अशा दिवसांत कोणी पाणथळ जागी पक्षी पाहण्यास जात नाही. पक्षी पाहावयाचे ते थंडीत, हा सर्वांचा समज आहे, आणि तो अगदीच चुकीचा नाही.

तरीही गेली काही वर्षे मी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एकदा तरी पहाटे निघून गिधवा आणि परसदा या गावांच्या तलावांकडे जातो. ही गावे बेमेतरा जिल्ह्यात, शिवनाथ नदीवरील नांदघाटच्या परिसरात आहेत. २०१२ पर्यंत तो सारा भाग आमच्या दुर्ग जिल्ह्यातच मोडत असे. २०२१ च्या आरंभी येथे राज्याचा पहिला पक्षिमहोत्सव भरला आणि ज्या तलावांना आजूबाजूच्या शेतकऱ्यांखेरीज कोणी ओळखत नव्हते त्यांची नावे वर्तमानपत्रांत आली. तलावांचे या मुलखाला अप्रूप नाही. आमच्याजवळच्या धमधा गावी जुन्या मोजणीने ‘छै आगर छै कोरी’, म्हणजे सहा अधिक सहा विशी, एकूण १२६ तलाव होते असे सांगतात. भाताच्या या देशात पाणी साठविणे ही पूर्वजांची भक्तीच होती.

नौतपात तलावाकडे गेल्यावर प्रथम दिसते ती उणीव. हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस गेलेले असतात. चक्रवाक गेलेले असतात. तलवार बदके गेलेली असतात. पाणी मध्यभागी आकसून उरते आणि भोवतीचा चिखल वाळून फुटक्या कौलांसारखा भेगाळतो. पण थोडे थांबावे. उरलेल्या पाण्यावर अडई बदकांचा थवा शीळ घालीत उतरतो. कमळांच्या करपलेल्या पानांवरून कमळपक्षी लांब बोटे टाकीत चालतो. गायबगळ्यांची डोकी व माना या दिवसांत केशरी झालेल्या असतात. वर्षभर पांढऱ्या साध्या वस्त्रात वावरणारा हा पक्षी जणू लग्नघरी निघाला आहे. उघड्या जमिनीवर टिटवीने अंडी घातलेली असतात. ती पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि त्या ओल्या पिसांनी अंड्यांवर बसते, म्हणजे ऊब देण्यासाठी नव्हे तर अंडी शिजू नयेत म्हणून! पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मी दुर्बीण खाली ठेवली होती.

आणि काठावर, जेथे आता पाणी नाही, तेथे उभे असतात करकोचे. यांना मराठीत मुग्धबलाक असे सुंदर नाव आहे. येथील लोक घोंघिल म्हणतात. मिटली तरी याच्या चोचीत मधोमध फट राहते. घोंघी, म्हणजे तळ्यातली मोठी गोगलगाय, हे याचे मुख्य अन्न, आणि तिला कवचातून बाहेर काढण्याचे काम ही चोच नेमके करते. आता वाचकहो, येथे एक गोष्ट लक्षात घ्या. नौतपात घोंघी तळ्यात नसतेच. ती कवचाचे दार लावून सुकलेल्या चिखलाच्या पोटात झोपलेली असते आणि पावसाचे पाणी खाली झिरपल्याशिवाय जागी होत नाही. म्हणजे ज्या अन्नावर पिले वाढवायची ते अन्न जमिनीत बंद आहे, आकाशात ढग नाही, आणि हा पक्षी काटक्या गोळा करू लागण्याच्या बेतात आहे. जूनच्या मध्याच्या सुमारास येथे मोसमी पाऊस पोहोचतो. त्या सुमारास घरटी बांधली जातात, अंडी घातली जातात, साडेतीन आठवडे ती उबवली जातात आणि पिले चोच उघडतात तेव्हा शेताशेतांत पाणी आणि बांधाबांधाला घोंघी झालेली असते. हिशेब चुकत नाही. क्वचित पाऊसच चुकतो.

यिर्मया संदेष्ट्याने हेच पाहिले होते. तो अनाथोथ गावच्या याजकांच्या कुळातला, खेड्यातला मनुष्य. पॅलेस्टाईन देश हा आफ्रिका व युरोप यांमधील पक्ष्यांच्या महामार्गावर वसलेला आहे. दर वसंतऋतूत लाखो करकोचे यार्देनेच्या खोऱ्यावरून उत्तरेकडे जातात, आणि ख्रिस्तपूर्व सातव्या शतकातही जात असत. योशीया राजाच्या तेराव्या वर्षापासून यरुशलेमेच्या पतनापर्यंत, सुमारे चाळीस वर्षे, यिर्मया लोकांना परत फिरा असे सांगत राहिला, आणि लोक फिरले नाहीत. त्या दुःखात त्याने एकदा वर पाहिले. आठव्या अध्यायाच्या सातव्या वचनात तो करकोचा, होला आणि आणखी दोन पक्ष्यांची नावे घेतो, त्यांना येण्याजाण्याचा आपापला समय ठाऊक आहे असे म्हणतो, आणि लगेच आपल्या लोकांकडे वळून सांगतो की यांना मात्र परमेश्वराचा न्याय ठाऊक नाही. आपण हे वचन बहुधा निसर्गाच्या कौतुकासाठी वाचतो. खरे पाहता ते आरोपपत्र आहे. पक्षी साक्षीदार आहेत आणि आरोपी देवाची प्रजा आहे.

त्या करकोच्याचे इब्री नाव ‘हसीदा’ असे आहे. ज्या ‘हेसेद’ या शब्दाने पवित्र शास्त्र देवाची अढळ, करार पाळणारी प्रीती सांगते, त्याच धातूतून हे नाव आले आहे. इब्री माणसाने या पक्ष्याला पिलांची निगा राखताना पाहिले असावे आणि त्याला ‘प्रेमळ’ म्हटले असावे. मात्र लेवीय ११:१९ मध्ये हाच करकोचा अशुद्ध पक्ष्यांच्या यादीत आहे. ज्याचे नाव देवाच्या प्रीतीवरून पडले तो पक्षी विटाळाच्या यादीत! भाष्यकार याची निरनिराळी कारणे देतात. मला त्यांच्या वादात शिरायचे नाही. मला या दोन शब्दांची जोडी एका निराळ्या कारणाने बोचते, आणि ते कारण सांगण्यासाठीच आज लेखणी उचलली आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. या भागातील एका लहान मंडळीच्या कमिटीचा मी चिटणीस होतो. मंडळीचे नाव लिहीत नाही, कारण दोष तिचा नव्हता. ठराव माझ्या हस्ताक्षरात आहे. आमच्या उपासनामंदिराच्या आवारात चिंचेचे जुने झाड होते. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्यावर घोंघिल उतरत, आणि चार महिने त्या झाडाखाली कोणालाही उभे राहवत नसे. विष्ठेचे पांढरे ओघळ, कुजलेल्या घोंघीचा वास, रविवारी धुतलेल्या साड्यांवर डाग. मंडळीतील एका लग्नात तर नवऱ्या मुलाच्या कोटावरच प्रसाद पडला होता. त्यातच आम्हांला सभागृह बांधावयाचे होते. देणग्या उशिरा जमल्या, काम जूनऐवजी जुलैत सुरू झाले, आणि ठेकेदाराने सांगितले की झाड आडवे येते.

मंडळीत एक वृद्ध छत्तीसगडी बहीण होती. आम्ही सारे तिला दाई म्हणत असू. ती मराठी प्रार्थनेला येई, तिला सगळे समजे, पण बोले ती आपल्याच बोलीत. ठरावाचे कळल्यावर ती माझ्या घरी आली आणि दारातूनच म्हणाली, “अभी झन काटव, बाबू. ऊपर म पिला हे.” आत्ता तोडू नका, वर पिले आहेत. दिवाळीनंतर तोडा, असेही ती म्हणाली. झाड तोडूच नका असे ती म्हणालीच नव्हती. तिचे मागणे चार महिन्यांचे होते.

मी तिला बसावयास पाट दिला, चहा दिला आणि सांगितले, “दाई, हे देवाचेच काम आहे.”

झाड एका मंगळवारी पडले. शाळा सुटल्यावर शब्बाथ शाळेची मुले आवारात आली आणि त्यांनी चिखलातून पिले गोळा केली. जिवंत अशी नऊ होती. मोठे पक्षी बराच वेळ वर घिरट्या घालीत होते. हे करकोचे फारसे ओरडत नाहीत; ते नुसते फिरत होते. मुलांनी पिलांना खोक्यांत ठेवले, भाताची शिते चारण्याचा प्रयत्न केला. त्या पिलांच्या चोचींना फट नव्हती. फट पुढे वाढत्या वयात पडते हे मला तेव्हा माहीत नव्हते, आणि माझ्या मनात क्षणभर असा नीच दिलासा येऊन गेला की ही आपल्या झाडावरची नसतीलच, दुसऱ्या कोणत्या जातीची असतील. गुरुवारपर्यंत सगळी मेली.

पुढल्या रविवारी दहा वर्षांच्या एका मुलाने मला वर्गात विचारले, “काका, बापाला कळल्यावाचून एकही चिमणी पडत नाही असे तुम्ही शिकवले होते. मग ही पडली ते त्याला कळले का?”

वाचकहो, मत्तय १०:२९ या वचनावर मी तोवर कितीदा तरी बोललो होतो. मयताच्या घरी, इस्पितळात, नोकरी गेलेल्या माणसासमोर. ते सांत्वनाचे वचन आहे आणि प्रभूने ते सांत्वनासाठीच, छळाला सामोरे जाणाऱ्या शिष्यांना दिले. पण त्यातील एक गोष्ट मी कधी ऐकलीच नव्हती. चिमणी पडणार नाही, असे प्रभू तेथे म्हणत नाही. ती पडते, पण पित्यावाचून पडत नाही. म्हणजे ती पडते तेव्हा पिता तेथे असतो. आणि पिता तेथे असेल तर कुऱ्हाड कोणाच्या सांगण्यावरून चालली हेही त्याने पाहिलेले असते. ज्या डोळ्यांत पडलेल्या जिवाची गणती आहे त्याच डोळ्यांत पाडणाऱ्याची नोंद आहे. मी त्या मुलाला म्हणालो, “हो, कळले.” त्याने पुढे विचारले नाही. विचारले असते तर मला काय उत्तर देता आले असते?

घरी येऊन मी अनुवादाचा बावीसावा अध्याय काढला. कारण अंधुक आठवत होते की तेथे घरट्याविषयी काहीतरी आहे. वाटेत घरटे आढळले आणि पक्षीण अंड्यांवर वा पिलांवर बसलेली असली तर पिलांसह आईला धरू नये, आईला सोडून द्यावे, अशी ती आज्ञा आहे. यहूदी गुरूंनी हिला आज्ञांतली सर्वांत हलकी आज्ञा मानले, कारण ती पाळण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. तरी हिला जोडलेले अभिवचन पाहा : तुझे कल्याण व्हावे आणि तू चिरकाळ जगावे. आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेला अनुवादाच्या पाचव्या अध्यायात जे अभिवचन आहे तेच! सर्वांत जड आणि सर्वांत हलकी आज्ञा देवाने एकाच तराजूत ठेवली. आपल्या देशाच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही रानपक्ष्यांची अंडी वा घरटी नासवणे हे शिकारीतच धरले आहे, हे मला नंतर कळले. पण कायद्याचे अज्ञान मी सांगू शकलो असतो. मोशेच्या पुस्तकाचे कसे सांगणार? ते तर मी दर रविवारी काखेत घेऊन जात होतो.

ज्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या हाती आगगाडीच्या प्रवासात नवा करार प्रथम आला ते नागपूरहून राजनांदगावकडे निघाले होते. ती गाडी पुढे आमच्या दुर्ग-भिलाईवरूनच जाते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने शिकाऱ्याच्या बाणाने घायाळ होऊन घरट्याकडे परतणाऱ्या पक्षिणीवर ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता लिहिली. माझ्या पिढीने ती शाळेत पाठ केली. मी तर ती एका स्पर्धेत म्हणून बक्षीसही मिळविले होते. पाठ असणे आणि ठाऊक असणे यांत किती अंतर असते! यिर्मयाच्या काळच्या लोकांनाही नियमशास्त्र पाठ होते. पुढच्याच वचनात ते आपण शहाणे असल्याचे व परमेश्वराचे शास्त्र आपल्याजवळ असल्याचे सांगतात.

कोरबा जिल्ह्यात कनकी नावाचे गाव आहे. तेथे कनकेश्वर महादेवाच्या देवळाभोवतीच्या झाडांवर दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर हेच करकोचे येतात. गावकरी त्यांना पावसाचे निरोपे मानतात आणि त्यांना इजा करीत नाहीत. विष्ठा तेथेही पडते, वास तेथेही येतो. गरियाबंद जिल्ह्यातील लचकेरा गावाने तर पक्ष्यांना त्रास देणाऱ्याला दंड ठरविला आहे. या लोकांनी अनुवादाचा बावीसावा अध्याय वाचलेला नाही. ज्यांच्याजवळ नियमशास्त्र नाही ते स्वभावतः त्यातल्या गोष्टी करतात, आणि ज्यांच्याजवळ आहे त्यांना त्यामुळे खाली पाहावे लागते, अशा अर्थाचे पौलाने रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात लिहिले आहे. ते मी पूर्वी यहूद्यांना उद्देशून लिहिलेले समजत असे.

आता यिर्मयाच्या ‘वेळ’ या शब्दाकडे पुन्हा वळू. भिलाईच्या माणसाला वेळ शिकवावी लागत नाही. १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली तेव्हापासून हे गाव पाळ्यांवर चालते. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. झोपेतून उठवले तरी माणूस आपली पाळी सांगतो. मुलांच्या परीक्षांचे निकाल, गाडीचे आरक्षण उघडण्याची घटका, हप्त्याची तारीख, सारे आपणांस ठाऊक असते. आम्हांलाही सभागृह केव्हा पुरे व्हावे ते ठाऊक होते, उद्घाटनाची तारीख छापून झाली होती. ठाऊक नव्हते ते एवढेच, की वर पिले आहेत. नव्हे, तेही ठाऊक होते. दाईने सांगितले होते.

देवाचा न्याय न कळणे म्हणजे बुद्धी कमी असणे नव्हे. करकोच्याला आपल्याहून अधिक बुद्धी नाही. तो कोरड्या चिखलाच्या काठी उभा असतो, कारण त्याच्या ठायी देवाने जे ठेवले त्याच्याशी तो भांडत नाही. आपण भांडतो, आणि भांडण्यासाठी आपल्याजवळ नेहमी एखादे चांगले काम तयार असते. दुर्गला माझ्या ओळखीचे दोन भाऊ आहेत. एका भिंतीवरून अकरा वर्षे बोलत नाहीत. थोरला मला दरवेळी म्हणतो, बोलायचे आहे, पण मुलीचे लग्न होऊन जाऊ दे, सेवानिवृत्ती होऊ दे. त्याला वेळ कळत नाही असे मी म्हणू का? त्याला अगदी नेमकी कळते, म्हणून तर तो ती पुढे ढकलतो. वाचका, तुझ्याही घरी कोणी दाई येऊन गेली असेल, दारातूनच काही सांगून गेली असेल. तू तिला बसावयास पाट दिला असशील.

पश्चात्ताप या विषयावर आपण पुष्कळ वाचतो, म्हणून माझ्याविषयी थोडक्यात सांगतो. त्या वर्षीच्या वार्षिक सभेत मी माझा दोष उभा राहून सांगितला. काहींना तो अतिरेक वाटला. पक्ष्यांसाठी कोणी मंडळीत कबुली देतो काय, असे एक वडील म्हणाले. दाईकडे मी त्याआधीच गेलो होतो. ती म्हणाली, झाड लावा. एवढेच. सभागृहाच्या मागे आम्ही तळ्याच्या बाजूला अर्जुनाची सात झाडे लावली. चार जगली. चिंचेच्या बुंध्यालाही धुमारे फुटले आणि आम्ही ते वाढू दिले. पण घरट्यांना जोगे झाड व्हावयास वर्षे लागतात, आणि ज्या पक्ष्यांची वस्ती आपण मोडली ते आपल्या पश्चात्तापाचा मुहूर्त पाहून परत येतीलच असे नाही. क्षमा मिळते, जुलैतला तो मंगळवार परत मिळत नाही. ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि पहिली खरी आहे म्हणून दुसरी विसरावी असे पवित्र शास्त्र कोठे सांगत नाही. दावीदाला नाथानाने दोन्ही एकाच बैठकीत सांगितल्या होत्या.

म्हणून मी नौतपात गिधव्याला जातो. हे प्रायश्चित्त नव्हे. प्रायश्चित्त एकदाच आणि दुसऱ्यानेच केले आहे. मी शिकावयास जातो. सकाळचे नऊ वाजले की उभे राहवत नाही, डोळे दिपतात, आणि त्या भगभगीत उजेडात ते धुरकट राखाडी पक्षी कोरड्या काठावर एका पायावर उभे असतात. त्यांच्या पायांखाली, वीतभर चिखलात, झोपलेले अन्न असते. त्यांना ते दिसत नाही. मलाही दिसत नाही.

वर्गात प्रश्न विचारणारा तो मुलगा आता कारखान्यात नोकरीला आहे. तो पाळ्यांमुळे माझ्याबरोबर येऊ शकत नाही, पण आवाराची किल्ली त्याच्याकडे असते आणि जूनमध्ये कामावरून परतताना तो अर्जुनाच्या झाडांखाली चक्कर मारतो. कित्येक वर्षे त्याचा निरोप एकच असे : “काका, वरून गेले.” पलीकडच्या वस्तीत देवीच्या तळ्यावर मोठा पिंपळ आहे, तेथे ते उतरत. गेल्या जूनमध्ये, पहिला वळीव पडून गेल्यावर, पहाटे रात्रपाळी संपवून तो थेट माझ्या दारी आला. सायकल उभी करण्याआधीच त्याने मला त्याचा सदरा दाखवला. खांद्यावर पांढरा डाग होता.

“दोन जोड्या आहेत,” तो म्हणाला. “चिंचेच्या धुमाऱ्यावर नाही, तिसऱ्या अर्जुनावर. काटक्या आणताहेत.”

दाई तेव्हा हयात नव्हती. मी चप्पल घातली आणि आम्ही दोघे निघालो.